प्रवाळांवरील कीड: डिपनंतरही ती परत का येते आणि तिचा बंदोबस्त कसा करावा

नवे प्रवाळ समुद्री मत्स्यालयाच्या टँकमध्ये सोडण्यापूर्वी त्यांना डिप द्यावा, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात थोडा वेळ बुडवून काढावे, हे आमच्या बहुतेक ग्राहकांना ठाऊक असते. तरीही डिप दिल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कीड पुन्हा दिसू लागली, अशी तक्रार वारंवार येते. अशा वेळी दोष औषधाचा असतो असे क्वचितच आढळते. डिपच्या द्रावणाने अंगावरची कीड मरते किंवा गळून पडते, पण तिच्या अंड्यांवर या द्रावणाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून या पत्रकात औषधांपेक्षा अंड्यांविषयी अधिक लिहिले आहे.

एक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाला खाणारा चपटा कृमी सर्वांत त्रासदायक आहे. त्याचे अंग जवळजवळ पारदर्शक असते आणि ज्या प्रवाळावर तो जगतो त्याचाच रंग त्याच्या अंगात उतरतो, त्यामुळे फांदीला चिकटून बसलेला असताना तो सरावलेल्या नजरेलाही सापडत नाही. दिसतात त्या त्याच्या खाण्याच्या खुणा: बुंध्याजवळ आणि सावलीच्या बाजूला साधारण मिलिमीटरभर रुंदीचे फिकट गोल ठिपके, उडत चाललेला रंग आणि आत ओढून घेतलेले पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव). अंडी तपकिरी-सोनेरी रंगाची असून ती एकमेकांना खेटून, पुंजक्याने, उघड्या पडलेल्या मृत सांगाड्यावर घातलेली असतात. फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा कापलेला तुकडा, हातात घेऊन जिवंत भाग जिथे संपतो त्या कडेवरून भिंग फिरवल्यास हे पुंजके स्पष्ट ओळखू येतात. रीफ टँकच्या नेहमीच्या तापमानात ती फुटायला साधारण दीड ते तीन आठवडे लागतात. पाणी जितके उबदार, तितकी ती लवकर फुटतात.

यावरून कामाचा क्रम ठरतो. प्रथम फ्रॅग प्लगवरून (तो चिकटवलेल्या छोट्या बैठकीवरून) सोडवून प्लग टाकून द्यावा, बुंध्याचा मृत भाग हाडे कापण्याच्या कात्रीने किंवा करवतीने कापून काढावा, आणि मगच डिप द्यावा. द्रावण टँकच्याच पाण्यात, बाटलीवर छापलेल्या प्रमाणात तयार करावे. तापमान आणि क्षारता टँकइतकीच राहिली म्हणजे प्रवाळावर कमी ताण पडतो. सांगितलेल्या वेळेत, बहुधा पाच ते पंधरा मिनिटांत, मोठ्या पिपेटने फांद्यांच्या बेचक्यांत पाण्याचा जोरदार झोत मारत राहावे, कारण गुंगलेला कृमी पुष्कळदा झोताशिवाय सुटत नाही. भांडे पांढरे असल्यास खाली पडलेली कीड लगेच दिसते, आणि नेमकी कोणती कीड आहे हेही कळते. त्यानंतर फ्रॅग स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात खळबळून घ्यावा. डिपचे पाणी टँकमध्ये किंवा सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) थेंबभरही जाऊ देऊ नये.

एवढ्यावर थांबू नये. अंडी फुटून बाहेर पडलेले कृमी वाढून स्वतः अंडी घालू लागण्यापूर्वीच पुढचा डिप मिळाला पाहिजे. म्हणून दर पाच ते सात दिवसांनी डिप, असे किमान सहा आठवडे करावे आणि तोवर फ्रॅग वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये ठेवावा. मुख्य टँकमध्येच लागण झाली असेल तर सर्व एक्रोपोरा बाहेर काढावे लागतात, म्हणजे मागे राहिलेले कृमी उपाशी मरतात. एकही फांदी आत राहिली तर सारे कष्ट वाया जातात, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

माँटिपोरा या प्रवाळाला खाणारा पांढरा, झालरीसारख्या अंगाचा न्युडिब्रँक (बिनकवचाची समुद्री गोगलगाय) जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो. तो पानासारख्या वसाहतीच्या खालच्या बाजूला राहतो आणि तिथेच पांढरी अंडी घालतो, त्यामुळे वसाहत उलटी करून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे समजू नये. झोआ या गुच्छाने वाढणाऱ्या पॉलिपांना खाणारा न्युडिब्रँक त्या पॉलिपांचेच रंग धारण करतो. मिटून राहिलेल्या पॉलिपांत रात्री टॉर्च लावून शोधल्यास तो सापडतो. या दोघांची अंडी दात घासण्याच्या मऊ ब्रशने किंवा चिमट्याने खरवडून काढणे हाच भरवशाचा उपाय आहे. झोआ हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चश्मा अवश्य घालावा. काही झोआ व त्यांच्याच जातकुळीतील पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, म्हणून त्यांचे खडक कधीही उकळू नयेत.

एक्रोपोरावरील लाल किडे मात्र सूक्ष्म कवचधारी जीव आहेत. अर्ध्या मिलिमीटरएवढ्या पिवळसर अंगावरील लाल ठिपक्यावरून ते ओळखावेत. त्यांच्यासाठी मिल्बेमायसिन ऑक्झाइम हे पशुवैद्यकीय औषध वापरले जाते, पण ते कोळंबी, खेकडे आणि उपयुक्त कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) यांनाही मारते. टँकभर उपचार करण्यापूर्वी हे जीव बाहेर काढावेत आणि मात्रा जाणकाराकडूनच ठरवून घ्यावी.

गंजाच्या रंगाचे लाल प्लॅनेरिया (एक प्रकारचे चपटे कृमी) काचेवर व खडकांवर पसरले असल्यास औषधाची घाई करू नये. ते एकदम मेले तर त्यांच्यातील विषारी द्रव्य पाण्यात उतरते आणि मासे दगावू शकतात. आधी सायफनने जितके निघतील तितके काढावेत, ताजा सक्रिय कोळसा आणि बदलण्यासाठी तयार पाणी हाताशी ठेवावे, मगच औषध टाकावे.

एप्टेशिया (उपद्रवी समुद्रपुष्प) ओरबाडून काढू नये, कारण खडकावर राहिलेल्या तुकड्यातूनही तो पुन्हा वाढतो. कल्कवासरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) दाट पेस्ट सिरिंजने थेट त्याच्या तोंडावर सोडावी. संख्या फार असल्यास बर्घिया हा न्युडिब्रँक उपयोगी पडतो. तो एप्टेशियाशिवाय काहीच खात नाही, त्यामुळे एप्टेशिया संपल्यावर तो उपाशी मरण्यापूर्वी गरज असलेल्या दुसऱ्या टँकमध्ये हलवावा.

सिक्स-लाइन किंवा पिवळा कोरिस रास मासा ठेवल्याने चपट्या कृमींची संख्या आटोक्यात राहते, पण त्यांच्यावर विसंबून क्वारंटाइन टाळू नये. खडकांतले लहान ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री कृमी) मात्र उरलेसुरले अन्न साफ करतात. त्यांना कीड समजून मारण्याचे कारण नाही.

वसाहत खडकावर पसरून पक्की चिकटली असेल आणि खडक बाहेर काढता येत नसेल, तर वरच्या निरोगी फांद्यांचे फ्रॅग कापून वर सांगितल्याप्रमाणे डिपच्या फेऱ्यांत ठेवावेत आणि खालचा भाग सोडून द्यावा. खडकावर उरलेला जिवंत थर इपॉक्सी पुटीने पूर्ण झाकावा. मोठी वसाहत अशी गमावणे जिवावर येते, याची आम्हाला जाणीव आहे, परंतु तिचा बुंधा तसाच ठेवल्यास फ्रॅग परत आणल्यावर त्यांनाही तीच लागण होते.