कामाच्या ठिकाणची प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणी

आजाराची लक्षणे दिसू लागण्यापूर्वीच त्याचा माग लागावा म्हणून कर्मचाऱ्यांची ठरावीक मुदतीने केली जाणारी वैद्यकीय तपासणी. तिचे दोन प्रकार आहेत. एक कामातील धोक्याशी बांधलेला असतो : गोंगाटात काम करणाऱ्यांची श्रवणचाचणी, धुळीत वावरणाऱ्यांची फुप्फुसांची तपासणी. दुसरा सर्वसाधारण असतो : रक्तदाब, रक्तातील साखर, दृष्टी इत्यादी. दोन्ही बहुधा एकाच शिबिरात उरकतात, त्यामुळे त्यांची गल्लत होते. पहिल्या प्रकारात माणसाबरोबर कामाच्या जागेचीही परीक्षा होत असते, हे अशा वेळी नजरेआड होते.

रोग आणि धंदा यांचा संबंध जुना आहे. रुग्णाला त्याचे काम काय ते विचारावे, असा आग्रह इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धरला. इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा कर्करोग काजळीशी जोडून दाखवला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८५ च्या करारानुसार (क्र. १६१) कामाशी संबंधित आरोग्य तपासणी कामगाराला मोफत मिळावी, तिच्यापायी त्याची मजुरी बुडू नये आणि ती शक्यतो कामाच्या वेळेतच व्हावी.

तपासणीची वेळ धोक्याच्या स्वरूपावरून ठरते. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसतो. बोलणे समजण्यासाठी लागणारे खालचे स्वर तेव्हा बरेचसे शाबूत असतात, म्हणून माणसाला काहीच जाणवत नाही. श्रवणचाचणीचा आलेख मात्र तेथे खाली घसरलेला असतो. हे ओळखायचे तर कामावर रुजू होतानाचा आलेख हाताशी हवा. तो नसेल तर पुढची प्रत्येक चाचणी अर्धवट ठरते. शिशाशी संपर्क येणाऱ्यांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण वेळेवर कळले, तर त्यांना त्या कामावरून हलवून ते उतरवता येते. सिलिकोसिसचे, म्हणजे सिलिकाची (वाळू-दगडाची) बारीक धूळ फुप्फुसांत साचून होणाऱ्या रोगाचे, तसे नाही. क्ष-किरण चित्रात डाग उमटेपर्यंत फुप्फुसांची कायमची हानी झालेली असते आणि तो बरा करणारे औषध नाही. तेथे धूळ मोजणे आणि ती रोखणे याला पर्याय नाही. दरवर्षी छातीचे चित्र काढायचे आणि धूळ तशीच उडू द्यायची, याला प्रतिबंध म्हणता येत नाही. एकाच विभागातील अनेकांचे अहवाल एकाच दिशेने बिघडत असतील, तर दुरुस्ती यंत्राची, वायुवीजनाची किंवा कामाच्या पद्धतीची करायला हवी.

सर्वसाधारण तपासणीत उच्च रक्तदाबाचा शोध सर्वांत उपयुक्त म्हणावा लागेल : तो बहुधा लक्षणांवाचून वाढतो, मोजायला सोपा असतो आणि त्यावर उपचार आहेत. मात्र एकाच नोंदीवरून सहसा निदान करीत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजावे लागते. चाळणी चाचणी, म्हणजे लक्षणे नसलेल्यांतून संभाव्य रुग्ण वेगळे काढणारी चाचणी, कोणत्या आजारासाठी योग्य, याचे निकष विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये मांडले. आजार महत्त्वाचा असावा, त्याची सुप्त अवस्था ओळखता यावी, मान्य उपचार आणि निदानाची सोय उपलब्ध असावी, हे त्यांतील प्रमुख होत.

हे निकष बाजूला ठेवून चाचण्यांची लांबलचक यादी केली की त्रास सुरू होतो. समजा, १,००० जणांत १० जणांना एखादा आजार आहे. चाचणी त्यांतील ९ जणांना पकडते, पण निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांनाही चुकून आजारी ठरवते. म्हणजे ९ खऱ्या रुग्णांसोबत सुमारे ५० निरोगी माणसे विनाकारण धास्तावतात आणि पुढच्या तपासण्यांच्या फेऱ्यात सापडतात. सुमारे अडीच लाख प्रौढांवर झालेल्या वैद्यकीय प्रयोगांचा २०१९ मधील कॉक्रेन आढावाही (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित परीक्षण करणारी संस्था) सांगतो की, सरसकट आरोग्य तपासण्यांमुळे एकूण मृत्यू घटत नाहीत. हे संशोधन केवळ कामाच्या जागांपुरते नव्हते, तरी वार्षिक ‘पॅकेज’ निवडणाऱ्यांनी ते वाचायलाच हवे. मोजक्या चाचण्या आणि नेटाने पाठपुरावा, हीच रीत अधिक फलदायी दिसते. साखर वाढलेल्या माणसाच्या हाती नुसता कागद देऊन काही साधत नाही. त्याला डॉक्टरांची वेळ, रजा आणि पुढची तारीख मिळावी लागते.

तपासणीवरचा विश्वास गोपनीयतेवर टिकतो. व्यवस्थापनाला केवळ निष्कर्ष कळावा : कामासाठी योग्य, काही मर्यादांसह योग्य किंवा तूर्त अयोग्य. निदान आणि अहवाल कर्मचारी व डॉक्टर यांच्यातच राहावेत. आजार कळला तर नोकरी जाईल ही भीती असेल, तर लोक लक्षणे लपवतात आणि ज्यांना तपासणीची गरज सर्वाधिक तेच ती टाळतात. एचआयव्ही चाचणी नोकरीची अट असू नये, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०१० ची शिफारस (क्र. २००) सांगते.

सर्वांत मोठी उणीव राहते ती कंत्राटी आणि हंगामी कामगारांबाबत. धोक्याची कामे पुष्कळदा त्यांच्याच वाट्याला येतात, पण मालक बदलत राहिल्याने त्यांची सलग नोंद कोणाकडेच नसते. नोकरी सुटलेल्यांचेही तसेच होते. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्कानंतर अनेक दशकांनी उद्भवतो, म्हणूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८६ च्या ॲस्बेस्टॉस करारात (क्र. १६२) पूर्वी संपर्कात आलेल्या कामगारांच्याही तपासणीची तरतूद केलेली आहे.