स्टोरेज बॉक्सवर लाल दिवा लागला तर
(लातूर, औसा, उदगीर भागातील आमच्या ग्राहकांसाठी)

ऑफिसचा डेटा अनेक डिस्कवर ठेवणाऱ्या स्टोरेज बॉक्समधली एखादी डिस्क निकामी झाली की बॉक्स बीप-बीप करतो आणि एका खणाचा दिवा लाल होतो. आडत दुकानाचं टॅली मात्र चालू असतं, लॅबचे रिपोर्टही उघडतात. रेड ५ मध्ये (डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवण्याची एक पद्धत) एक डिस्क गेली तरी तिच्यातला डेटा बाकीच्या डिस्कवरून हिशेबानं काढता येतो, म्हणून काम अडत नाही. पण आता आणखी एक डिस्क गेली तर सगळा डेटा गेला. रेड ६ असेल तर अजून एका डिस्कची उसंत असते, एवढंच.

बॉक्स बंद-चालू करू नका. वर्षानुवर्षं फिरत असलेली जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. आधी बॅकअप बघा. तो ताजा नसेल तर बाहेरच्या डिस्कवर घ्या, मगच पुढचं. बऱ्याच साध्या डिस्कच्या तांत्रिक माहितीत साडेबारा टीबी वाचनामागे न वाचता येणारी एखादी जागा निघू शकते, असं छापलेलं असतं. चार टीबीच्या चार डिस्क असतील तर रीबिल्डमध्ये, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करताना, उरलेल्या तिघींवरून बारा टीबी वाचावे लागतात, म्हणजे तेवढ्यातच अशी जागा आडवी येऊ शकते. बॅकअपशिवाय आम्ही ट्रेला हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

खरा धोका चुकीची डिस्क काढण्याचा आहे. काही बॉक्स खण डावीकडून मोजतात, काही वरून. काहींची मोजणी शून्यापासून असते, म्हणजे स्क्रीनवरची ‘डिस्क ३’ प्रत्यक्षात चौथ्या खणात असते. म्हणून खणाच्या नंबरावर जाऊ नका, सिरियल नंबर बघा. बॉक्स बसवताना कोणत्या खणात कोणत्या नंबराची डिस्क आहे, याचा कागद आम्ही रॅकच्या दाराला आतून चिकटवतो. स्क्रीनवरचा नंबर त्या कागदाशी जुळवा, सोय असेल तर त्या खणाचा दिवा लुकलुकवून बघा आणि सॉफ्टवेअरमधून ती डिस्क बंद करा. ट्रे इंचभर ओढून अर्धा मिनिट थांबा, आतली तबकडी फिरायची थांबू द्या. बाहेर आल्यावर लेबलवरचा नंबर पुन्हा वाचा. चुकून दुसरीच निघाली असेल तर ‘इनिशियलाइज’ किंवा ‘क्रिएट’ असं कोणतंही बटण दाबू नका, जसं आहे तसं ठेवून आम्हाला फोन करा. अशा वेळी डेटा बहुतेकदा शाबूत असतो, तो घाईत दाबलेल्या बटणानं जातो.

नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी, किंचितही कमी चालत नाही. ती सीएमआर प्रकारची घ्या, म्हणजे जिच्यात लिहिण्याच्या पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत. एसएमआर डिस्कमध्ये लिहिण्याच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे रीबिल्ड फार रेंगाळतो, कधी नवी डिस्कच निकामी समजून बाहेर टाकली जाते. खोक्यावर हा प्रकार बहुधा लिहिलेला नसतो. खरेदीआधी मॉडेल नंबर आम्हाला व्हॉट्सॲप करा, आम्ही पाहून सांगू.

चार टीबीची डिस्क सेकंदाला दीडशे एमबीनं भरली तरी साडेसात तास लागतात, ऑफिसचं काम चालू असेल तर बरेच जास्त. म्हणून रीबिल्ड संध्याकाळी काम आटोपल्यावर सुरू करा. त्याआधी यूपीएसची बॅटरी तपासा आणि लाईट गेल्यावर बॉक्स आपोआप नीट बंद होईल अशी यूएसबी जोडणी आहे ना, ते बघा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो आणि रीबिल्डमध्ये सगळ्या डिस्क सलग राबतात, तेव्हा खोलीचा एसी रात्रभर चालू ठेवा. डिस्कचं तापमान ५० अंशांच्या खाली राहिलेलं बरं.

निकामी डिस्क भंगारात देऊ नका, तिच्यावरचा डेटा काढणारे काढतात. आमच्याकडे आणा, तुमच्यासमोर ड्रिल मारून देतो. वॉरंटीत असेल तर मात्र आधी विचारा.

रीबिल्ड पूर्ण झाल्यावर एकदा स्क्रब (सगळ्या डिस्क वाचून डेटा जुळतो का याची तपासणी) चालवा आणि दाराच्या कागदावर जुना सिरियल नंबर खोडून नवा लिहा.