पार्श्वभूमी: ‘लायसन्स्ड काउन्सेलर’ म्हणजे नक्की कोण?

काउन्सेलर शोधायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, “लायसन्स बघून घे.” सल्ला काळजीपोटीच असतो, पण भारतात समुपदेशकाचं असं एक सरळसोट लायसन्स कधी नव्हतंच, त्यामुळे नेमका कुठला कागद बघायचा हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. हा शब्द अमेरिकेतला. तिथे व्हर्जिनिया राज्याने १९७६ मध्ये काउन्सेलरसाठी लायसन्सचा कायदा केला, कॅलिफोर्नियाने सगळ्यात शेवटी, २००९ मध्ये. शब्द आपल्याकडे आला, त्यामागची व्यवस्था तिकडेच राहिली.

इकडे समुपदेशक आधी नेमले गेले आणि तो कोण असावा हे ठरवायचं मागे पडलं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशक आहेत, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मॅजिस्ट्रेट समुपदेशनाला पाठवू शकतात, एचआयव्ही तपासणी केंद्रांवर समुपदेशक बसले, शाळांमध्ये आले, आणि पात्रता मात्र ज्याने त्याने आपापली लावली, कुठे समाजकार्याची पदवी चालते तर कुठे मानसशास्त्राची.

ज्याला खरंखुरं रजिस्टर म्हणता येईल ते आलं १९९२ च्या रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया (आरसीआय) कायद्याने, १९९३ पासून लागू. पण तो कायदा मुळात दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठीचा. त्याच्या रजिस्टरमध्ये १६ प्रकारचे व्यावसायिक येतात आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजार तपासून थेरपी देणारा मानसशास्त्रज्ञ, हा त्यातला फक्त एक. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. प्रोफाइलवर ‘रजिस्टर्ड’ लिहिलेलं असतं, नंबरही खरा असतो, पण तो विशेष शिक्षक म्हणून मिळालेला असू शकतो किंवा ऑडिओलॉजिस्ट म्हणून. त्या यादीत ‘रिहॅबिलिटेशन काउन्सेलर’ असाही एक वर्ग आहे, म्हणजे काउन्सेलर हा शब्दसुद्धा तिथे सापडतो, पण तो वर्ग पुनर्वसनाच्या कामाचा, डिप्रेशन किंवा पॅनिक अटॅकसाठी थेरपी देणाऱ्याचा नव्हे. म्हणून आरसीआयच्या ऑनलाइन रजिस्टरमध्ये नाव शोधताना नंबर सापडला की थांबायचं नाही, वर्ग कुठला लिहिलाय आणि नोंदणीची मुदत संपलीय का तेही वाचायचं.

मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, मे २०१८ पासून लागू झाला. त्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकाची व्याख्या आहे. मनोविकारतज्ज्ञ आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, नर्स आहेत, सायकियाट्रिक सोशल वर्कर आहेत, आयुर्वेद आणि होमिओपॅथीतले त्या विषयाचे पदव्युत्तर लोकसुद्धा आहेत. समुपदेशक नाही. जो माणूस बहुतेकांना सगळ्यात आधी भेटतो तोच व्याख्येबाहेर. हे मला आजही पटत नाही. गंभीर आजारावरचा कायदा म्हणून व्याख्या कडक ठेवली असं म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्यही आहे, पण झालं असं की चांगला शिकलेला, सुपरव्हिजन घेणारा, म्हणजे आपल्या केसेसवर अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन घेणारा समुपदेशक आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून बोर्ड लावणारा, दोघं कायद्याच्या नजरेत एकाच जागी उभे राहिले.

२०२१ च्या कायद्याने ही फट बुजवायची होती. डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांचा हा कायदा, त्यात १० गट, आणि वर्तनविषयक आरोग्याच्या गटात समुपदेशक आणि सायकॉलॉजिस्ट दोघांना जागा मिळाली. पण सायकॉलॉजिस्ट या शब्दापुढे एक अपवाद जोडलाय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून, कारण ते १९९२ च्या रजिस्टरमध्येच राहणार. म्हणजे एकाच कामाच्या आसपासची माणसं दोन कायद्यांखाली. शिवाय पदवीधर व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांचं शिक्षण लागेल असं कायद्यात आहे, मग जुन्या एम.ए. वाल्यांचं काय, हा वाद सुरू झाला. राज्यांच्या परिषदा उभ्या करायलाही इतका उशीर झाला की २०२४ मध्ये कोर्टाला मुदत घालून द्यावी लागली. २०२५ मध्ये मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवणं थांबवायला विद्यापीठांना सांगितलं गेलं तेही याच कायद्याच्या आधारे. दरम्यान नव्या शिक्षण धोरणात एम.फिल. ही एम.ए.नंतरची पदवी बंद झाली आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा रस्ता नेमका त्यातूनच जात होता, म्हणून तेवढ्यापुरती २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली.

हे सगळं चालू असताना शोधणाऱ्यासमोर मात्र ‘सर्टिफाइड’, ‘मान्यताप्राप्त’, ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ अशा पाट्या येत राहतात. सर्टिफाइड म्हणजे कुठल्यातरी संस्थेने कोर्स पूर्ण झाल्याचं लिहून दिलं. व्यावसायिक संघटनेची मेंबरशिप फी भरून मिळते, काही ठिकाणी पात्रता बघतात, काही ठिकाणी नाही. शॉप अ‍ॅक्टचा कागद त्या दुकानाचा, आत बसलेल्या माणसाच्या शिक्षणाशी त्याचा संबंध नाही. नावापुढचं ‘डॉ.’ पीएच.डी.चं असू शकतं आणि ती दुसऱ्याच विषयातली असू शकते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये त्याच वर्गात नसेल तर तिथून उठावं, कारण नोंदणीशिवाय ते काम करणं १९९२ च्या कायद्याने गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. समुपदेशकाचं तसं नाही. यादीत नाव नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, तेव्हा पदवी कुठल्या विषयात, कुठल्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष केसेसचं ट्रेनिंग किती आणि सुपरव्हिजन कोणाकडे, हे पहिल्याच फोनवर विचारायचं. नीट शिकलेला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही.