रक्तवाहिन्या

हृदयातील रक्त ऊतकांपर्यंत (पेशीसमूहांपर्यंत) नेणाऱ्या व तेथून परत आणणाऱ्या नलिका. रोहिणी (हृदयापासून रक्त दूर नेणारी), केशवाहिनी (दोहोंना जोडणारी अतिसूक्ष्म नलिका) व नीला (हृदयाकडे रक्त आणणारी) हे त्यांचे मुख्य प्रकार होत. रोहिणींच्या सर्वांत बारीक शाखांना रोहिणिका, तर केशवाहिन्या एकत्र येऊन बनणाऱ्या लहान नीलांना नीलिका म्हणतात. रोहिणी व नीला हा भेद रक्ताच्या रंगावरून नव्हे, तर प्रवाहाच्या दिशेवरून ठरतो. फुप्फुस रोहिणीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते आणि फुप्फुस नीलेत ऑक्सिजनयुक्त. आकृत्यांतील तांबड्या-निळ्या रंगांमुळे हा मुद्दा पुष्कळदा निसटतो.

संज्ञा व इतिहास : सुश्रुतसंहिता या आयुर्वेदीय ग्रंथाच्या शारीरस्थानात (शरीरविषयक विभागात) ७०० सिरा व २४ धमन्या सांगितल्या आहेत. संहितेचा मूळ भाग सामान्यतः इ. स. पू. काळातील मानला जातो. उपलब्ध पाठ मात्र उत्तरकालीन संस्कारांतून आलेला आहे. त्यात सिरांचे वातवह अरुणा, पित्तवह नीला, कफवह गौरी व रक्तवह रोहिणी असे चार गट केलेले आहेत. मराठी परिभाषेतील नीला व रोहिणी ही दोन्ही नावे येथे भेटतात, पण आजच्या अर्थाने नव्हे. सिरा म्हणजे नीला व धमनी म्हणजे रोहिणी, असे समीकरण काही अभ्यासक मांडतात. तथापि संहितेत दोहोंचे मूळ नाभी मानले आहे, शिवाय ऊर्ध्वगामी धमन्यांकडे शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध वाहण्याचे कामही दिले आहे. त्यामुळे हे समीकरण ओढूनताणून केलेले वाटते. प्राचीन संज्ञा त्यांच्याच चौकटीत वाचणे अधिक योग्य.

ग्रीक परंपरेत रोहिणी व नीला यांतील भेद प्राक्सागोरस (इ. स. पू. सुमारे चौथे शतक) यांनी स्पष्ट केला, असे सामान्यतः मानतात. रोहिणींत वायू असतो ही समजूत पुढे रोमन काळातील ग्रीक वैद्य गेलेन यांनी प्रयोगांनी खोडून काढली. इंग्रज वैद्य विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले. त्यातील न दिसणारा दुवा, म्हणजे केशवाहिन्या, इटालियन शास्त्रज्ञ मालपीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात दाखविला.

रचना : रोहिणी व नीला यांच्या भित्तीत अंतःस्तर, मध्यस्तर व बाह्यस्तर असतात. महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीच्या) मध्यस्तरात लवचिक तंतू विपुल असतात. हृदयाच्या आकुंचनाबरोबर ती फुगते व शिथिलनकाळात पूर्ववत होताना रक्त पुढे ढकलते, म्हणून ठोक्यांच्या मधल्या काळातही प्रवाह खंडित होत नाही. रोहिणिकांत अनैच्छिक स्नायूंचे प्रमाण अधिक असते. नलिकेतील रोध (प्रवाहाला होणारा विरोध) त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की रोध सोळापट होतो. रक्तदाबाचे नियमन मुख्यतः रोहिणिकांतच होते, ते यामुळे.

केशवाहिनीची भित्ती एकाच कोशिकेच्या (पेशीच्या) जाडीची असून व्यास सुमारे ५ ते १० मायक्रोमीटर असतो. तांबड्या कोशिकेला अनेकदा आकार बदलून पुढे सरकावे लागते. मेंदूत ही भित्ती घट्ट जुळलेली, वृक्कात (मूत्रपिंडात) सच्छिद्र, तर यकृतात मोठ्या फटींची असते. द्रव रोहिणीकडील टोकाला बाहेर पडतो व नीलेकडील टोकाला परत शोषला जातो, हे इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक स्टार्लिंग यांच्या १८९६ मधील विवेचनावर आधारलेले चित्र दीर्घकाळ प्रमाण होते. आता अंतःस्तराच्या आतील बाजूवरील शर्करा-प्रथिनांच्या पातळ थरालाही महत्त्व दिले जाते. बहुतेक ऊतकांत सतत पुनःशोषण होत नाही, पाझरलेला द्रव मुख्यतः लसीकावाहिन्यांतून (ऊतकांतील द्रव रक्तात परत नेणाऱ्या नलिकांतून) परततो. हे सुधारित मत अधिक ग्राह्य दिसते. आतड्याचा श्लेष्मस्तर (आतील अस्तर) व वृक्क हे त्याला अपवाद होत.

नीलांची भित्ती पातळ व सहज ताणली जाणारी असते. विश्रांतीच्या अवस्थेत शरीरातील निम्म्याहून अधिक रक्त त्यांतच असते. हातापायांच्या नीलांतील झडपा रक्त मागे येऊ देत नाहीत आणि भोवतालच्या स्नायूंच्या आकुंचनाने ते हृदयाकडे चढते. झडपा निकामी झाल्यास नीला फुगून वेड्यावाकड्या होतात.