‘वेस’ झालं म्हणजे लायसन्स मिळालं का?

‘वेस झालं, आता कॅनडात इंजिनिअर म्हणून कामाला लागायचं’ असं समजून विमानात बसणारे अजून भेटतात. वेस म्हणजे वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, परदेशी पदव्या तपासून देणारी संस्था. घोळ होणं साहजिक आहे. वेस आणि लायसन्स, दोन्ही कामांत मार्कशीट मागतात, फी डॉलरमध्ये घेतात, आणि विद्यापीठाच्या खिडकीवर खेटे घालायला लावतात.

वेसकडून मिळतो तो ईसीए, म्हणजे शिक्षणाच्या मूल्यांकनाचा अहवाल. तुमची बी.ई. तिथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, एवढंच त्यात असतं. इमिग्रेशन खातं तो वाचतं, एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवर पीआर देण्याच्या योजनेत) शिक्षणाचे गुण देतं आणि विषय संपतो. मुदत ५ वर्षं. तुम्हाला पूल बांधता येतो का, हे तिथे कुणी विचारत नाही.

ते विचारते प्रांताची नियामक संस्था. ओंटारिओत ती पीईओ (प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारिओ). तिचं लायसन्स म्हणजे नावापुढचं ‘पी. इंज.’ (प्रोफेशनल इंजिनिअर). त्यासाठी पदवीची वेगळी छाननी, ४८ महिन्यांचा अनुभव आणि कायदा-नीतिमत्तेवरची परीक्षा लागते. वेसचा कागद दाखवून यातलं काही माफ होत नाही. आपल्याकडे दारावरच्या पाटीवरसुद्धा बी.ई. लिहितात, तिथे लायसन्स नसताना ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ म्हणवून घेणं बेकायदा आहे.

पूर्वी त्या ४८ पैकी १२ महिने कॅनडातलेच, तेही लायसन्सधारकाच्या हाताखालचे लागत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसला प्रकार. ही अट पीईओने मे २०२३ मध्ये काढली. उशीर झालाच, पण काढली. कंपन्या मात्र मुलाखतीत ‘इथला अनुभव’ विचारतातच, त्याला पीईओ काय करणार?

डॉक्टरांची तर आणखी फसगत. त्यांचा ईसीए वेसकडून चालत नाही, तो मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडा देते. नाव ऐकून वाटतं, झालं काम! पण प्रॅक्टिसचा परवाना प्रांताचं ‘कॉलेज’च देतं; हे शिकवणारं कॉलेज नव्हे, डॉक्टरांची नियामक संस्था. सॉफ्टवेअरवाल्यांना बहुतेक नोकऱ्यांत हे लायसन्स वगैरे काहीच लागत नाही, म्हणून त्यांचे सल्ले सिव्हिलवाल्यांनी जपून ऐकावेत.

लायसन्स हातात येईपर्यंत पी. इंज. असलेल्याच्या देखरेखीखाली काम करता येतं. निघण्याआधी मात्र अनुभवाची पत्रं घेऊन ठेवा. ‘काम समाधानकारक’ अशा एका ओळीची नकोत. कोणता प्रकल्प, कोणती गणितं, कोणते निर्णय तुमचे, हे त्यात हवं. नाहीतर साहेब रिटायर झाल्यावर टोरांटोहून फोन करत बसावं लागतं.