गमबूट घेताय? मग साहेब, शेतकरी आणि चिखल यांच्याबद्दल थोडं

नमस्कार मंडळी, बुटांच्या खोक्यात हा कागद मुद्दाम टाकलाय, लगेच फेकू नका. निदान पांढऱ्या थराबद्दलचं वाचल्याशिवाय तरी नको, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात आणि तो मुळात दोषच नाहीये.

पण आधी थोडी गंमत. गमबूट विकायला बसलं की कळतं, लोकं पायाकडे बघून बूट घेत नाहीत, डोक्यातलं चित्र बघून घेतात. कुणाला इंग्लिश साहेबासारखे हिरवे हवेत, कुणाला खाणीतल्यासारखे दणकट काळे, आणि पांढरे दाखवले की "मासे कापायचे नाहीत हो मला" असं उत्तर. म्हणून म्हटलं कोणत्या देशाबद्दल काय हसून बोललं जातं ते एकदा लिहूनच टाकू, त्यातलं तुमच्या कामाचं काय तेही.

सुरुवात साहेबापासून. ठरलेलं चित्र म्हणजे गुडघ्यापर्यंत हिरवे बूट, मोठी गाडी, मागे कुत्रा, आणि बूट इतके चकाचक की गायीने ओळख दाखवू नये. ब्रिटनमधले लोकच अशा वीकेंडच्या शेतकऱ्यांना 'ग्रीन वेली ब्रिगेड' म्हणून चिडवतात, वेली म्हणजे वेलिंग्टन बूट, तिकडचं गमबुटाचं नाव. आता ज्याच्या नावाने तिकडे हे बूट ओळखले जातात तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा, त्याचे बूट चामड्याचे होते, रबराचे नव्हतेच. रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं, ते गंधक घालून तापवायची युक्ती चार्ल्स गुडइयरने शोधली आणि १८४४ मध्ये पेटंट घेतलं, तेव्हा कुठे रबराचा बूट टिकायला लागला. आणि हे बूट युरोपात आणले कुणी, तर अमेरिकनांनी! हायरम हचिन्सनने १८५३ मध्ये फ्रान्समध्ये कंपनी काढली, तिथले शेतकरी तोवर लाकडी खडावा घालून ओल्या पायाने शेतात राबायचे, आणि हेन्री ली नॉरिसने १८५६ मध्ये एडिनबराला कारखाना टाकला, पुढे हंटर म्हणून गाजलेले बूट त्याच कारखान्याचे. म्हणजे अस्सल इंग्लिश आणि अस्सल फ्रेंच म्हणून मिरवतात त्या दोन्ही बुटांचा बाप अमेरिकन. पहिल्या महायुद्धात या एडिनबराच्या कारखान्याने खंदकातल्या सैनिकांसाठी सुमारे १२ लाख जोड बनवले, पाय सतत पाण्यात राहून सडायचे म्हणून.

फिनलंडच्या माणसाबद्दल म्हणतात की तो दिवसभरात चार शब्द बोलतो. बोलत नसेल, पण बूट फेकतो! खरंच, रबरी बूट लांब फेकायची तिकडे रीतसर स्पर्धा असते, नियम आहेत, नॅशनल टीम आहे. आणि ज्या नोकियाचे फोन आपण सगळ्यांनी वापरले त्या नोकियाच्या इतिहासात १८९८ ला सुरू झालेला रबराचा कारखाना आहे, १९६७ मध्ये तो कारखाना, केबलची कंपनी आणि कागदाची कंपनी एकत्र झाल्या, त्यामुळे बरीच वर्षं नोकिया म्हटलं की तिकडच्या माणसाला आधी गमबूटच आठवायचा. (फेकून फाटलेले जोड आम्ही बदलून देत नाही, आत्ताच सांगून ठेवतो.)

न्यूझीलंडवाल्यांचं पण असंच, चड्डी आणि गमबूट हाच तिथल्या शेतकऱ्याचा युनिफॉर्म अशी चेष्टा चालते. ताइहापे नावाचं तिथलं एक छोटं गाव स्वतःला जगाची गमबूट राजधानी म्हणवतं, १९८५ पासून गमबूट डे करतं, आणि पत्र्याचा एक भलामोठा बूट उभा केलाय. तिथला फेमस रेड बँड बूट आखूड आहे, पोटरीच्या मध्यावर संपतो, आणि हे नुसती स्टाइल म्हणून नाही बरं का, डोंगरउतारावर मेंढ्यांमागे दिवसभर चालायचं तर उंच बूट पोटरीला घासतो, आखूड बूट सुटसुटीत असतो आणि दारात झटकन निघतो. तुमचं काम चालायचं असेल, पाण्यात उभं राहायचं नसेल, तर तुम्हीपण आखूडच घ्या, उंच बूट मागून पस्तावणारे आम्ही खूप बघितलेत.

जपानी माणूस म्हणजे सगळं नीटनेटकं, असं आपण म्हणतो ना, तर त्यांचे भातलावणीचे बूट बघाच. पातळ, मऊ, पायाला मोज्यासारखे घट्ट बसणारे. भाताच्या चिखलात नेहमीचा ढगळ गमबूट घातला की पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो, म्हणून ते तसे. डच लोकांच्या लाकडी बुटांना तर सगळेच हसतात, पण त्या लाकडावर जड वस्तू पडली तरी बोटं वाचतात.

दक्षिण आफ्रिकेचं हसण्यावारी न्यायचं नाही. तिथल्या सोन्याच्या खाणींत पाणी साचायचं, ते उपसायचा खर्च करण्यापेक्षा काळ्या मजुरांना गमबूट देणं मालकांना स्वस्त पडलं. त्या मजुरांनी बुटांवर थापा मारून, पाय आपटून जो नाच उभा केला तो गमबूट डान्स आज जगभर स्टेजवर होतो.

आता तुमचा जोड. रंगापेक्षा मटेरियल बघा. नैसर्गिक रबर लवचिक, थंडीतही मऊ राहतं, पण तेल, डिझेल, जनावरांची चरबी लागत राहिली की फुगतं आणि सैल पडतं, म्हणून गॅरेज किंवा कत्तलखाना असेल तर पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) किंवा नायट्राइल (तेलाला टिकणारं कृत्रिम रबर) मिसळलेला बूट घ्या. पीव्हीसी स्वस्त आणि टिकाऊ, फक्त कडाक्याच्या थंडीत ताठ होतो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हलका आणि उबदार, पण वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिला तर दमट हवेने सोलचा भुगा होतो, म्हणजे न वापरता खराब होणारा बूट, तो साठवून ठेवू नका. पांढरे बूट खाद्यपदार्थांच्या कारखान्यात घालतात कारण त्यावर घाण लगेच दिसते, बाकी त्यात काही कमीपणा नाही. बुटावर एस-४ हा सुरक्षेचा शिक्का असेल तर पुढे बोटं वाचवणारी कडक टोपी आहे, एस-५ असेल तर शिवाय खिळा आरपार जाऊ नये म्हणून तळात थर आणि खाचांचा सोल पण आहे. आणि साधा गमबूट विजेपासून वाचवतो हा समज डोक्यातून काढा, त्यासाठीचे बूट वेगळे असतात.

पांढरा थर. काळ्या किंवा हिरव्या रबरावर काही दिवसांनी पिठासारखा थर येतो, लोकं म्हणतात बुरशी आली, जुना माल दिला. तसं नाही हो. नैसर्गिक रबरात जे मेण आणि इतर पदार्थ असतात ते हळूहळू वर येतात, खऱ्या रबराचीच ती खूण. ओल्या फडक्याने पुसा, सुकल्यावर सिलिकॉन स्प्रेचा हात फिरवा, परत आला तर परत पुसा. खोबरेल, गोडेतेल अजिबात नको, चमक येते खरी पण रबर आतून खराब होतं.

बूट आतून ओला लागला म्हणजे भोक पडलं असंही नाही. जो बूट पाणी आत येऊ देत नाही तो घामही बाहेर जाऊ देत नाही. खात्री करायची तर आत पाणी भरा, बाहेरून कोरडा पुसा आणि तासभर कागदावर ठेवा. सुकवताना वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर थोड्या वेळाने बदला, चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलात तर भेगा पडतील. घडी घालून ठेवू नका, भेग हमखास घडीवरच पडते.

चिखलात रुतलात तर सरळ वर ओढू नका, खाली पोकळी होऊन चिखल अजून धरतो. आधी टाच हलवून वर करा, बाजूने हवा आत शिरू द्या, मग बोटं. घरी काढताना एका बुटाच्या टोकाने दुसऱ्याची टाच दाबायची सवय सगळ्यांनाच असते, त्याने टाचेमागचा जोड उसवतो. बूट काढायची लाकडी खाचेची पट्टी मिळते, ती वापरा.

बारीक चीर पडली तर रबराच्या बुटाला सायकलचा पंक्चर पॅच आणि सोल्यूशन चालतं, आधी पॉलिश पेपरने घासून घ्या. पीव्हीसीला ते चिकटत नाही, त्याला पीव्हीसीचाच गोंद लागतो. साइझ बदलायची असेल तर जाड सॉक्स घालून घरातल्या कोरड्या फरशीवर चालून बघा, टाच थोडी उचलली जाणं नॉर्मल आहे, बोटं पुढे टेकत असतील तर एक नंबर मोठा मागा. सोलला चिखल लागलेला जोड मात्र परत घेता येत नाही.