भूतानमधील पदभ्रमण

पूर्व हिमालयातील भूतान या छोट्या देशात डोंगरवाटांनी पायी केलेला प्रवास. भूतानचे क्षेत्रफळ 38,394 चौ. किमी. म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक-अष्टमांश, आणि लोकसंख्या आठ लाखांच्या आत. दक्षिण सीमेवर आसाम-बंगालला लागून उष्ण, दमट जंगल, तर उत्तर सीमेवर सात हजार मीटरांपलीकडची हिमशिखरे. या दोहोंमधले अंतर सरळ रेषेत पावणेदोनशे किमी.ही भरत नाही. मधला सगळा देश उत्तर-दक्षिण धावणाऱ्या डोंगररांगांनी चिरलेला आहे. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्याला एक खिंड चढायची, खोऱ्यात उतरायचे, नदी ओलांडायची आणि पुन्हा पुढची खिंड चढायची, याला पर्याय नाही.

इथल्या पायवाटा गिर्यारोहकांनी पाडलेल्या नाहीत. त्या व्यापाऱ्यांच्या, भिक्षूंच्या, याक चारणाऱ्यांच्या आणि सरकारी निरोप्यांच्या आहेत. म्हणून त्या शिखरावर चढत नाहीत. मठ, गाव, पूल आणि खिंड अशा टप्प्यांनी पुढे सरकतात. सह्याद्रीत गडाचा माथा गाठला की ट्रेक झाला असे मानणाऱ्या भटक्यांना हा फरक लवकर जाणवतो.

जुनी वाट आणि नवा रस्ता

1960 पर्यंत भूतानमध्ये मोटार चालेल असा रस्ता जवळपास नव्हताच. 1958 मध्ये जवाहरलाल नेहरू भूतानला गेले ते सिक्कीममधून नथु ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, काही घोड्यावरून तर काही पायी असा प्रवास करत पारोला पोहोचले. इंदिरा गांधीही सोबत होत्या. त्यानंतर भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने 1961 पासून भारताच्या सीमेवरील फुन्त्शोलिंग ते थिम्पू-पारो रस्ता बांधायला घेतला. डोंगर फोडून काढलेला हा रस्ता झाला आणि देशाचे चित्र पालटले. पायवाटांवर मात्र रान माजले, पायऱ्या ढासळल्या, लाकडी पूल कुजले.

या विस्मृत वाटांपैकी सर्वांत मोठी म्हणजे पश्चिमेकडील ‘हा’ या गावापासून पूर्वेकडील त्राशीगांगपर्यंतची 403 किमी.ची वाट. ‘ट्रान्स भूतान ट्रेल’ या नावाने ती दुरुस्त होऊन सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा खुली झाली. कोरोनाकाळात पर्यटन ठप्प असताना त्याच क्षेत्रात काम गमावलेल्या अनेकांच्या हातून हे काम झाले. याच वाटेवरून पूर्वी ‘गार्प’ म्हणजे राजाचे धावते निरोपे पत्रे नेत. सगळी वाट एका दमात चालायला महिनाभर लागतो, तेव्हा बहुतेक लोक तिचा एखादा दिवसाचा तुकडा निवडतात.

निवडायचाच असेल तर त्रोंग्साचा निवडावा. मांगदे नदीच्या दरीच्या अलीकडच्या कडेवर उभे राहिले की समोर त्रोंग्सा झोंग, म्हणजे तटबंदीचा किल्ला-मठ, दिसतो. डोंगराच्या सोंडेवर एकाखाली एक उतरत गेलेल्या पांढऱ्या भिंती आणि त्यांवर पिवळी छपरे. समोर दिसतो तो हाकेच्या अंतरावर, पण गाडीरस्ता दरीला लांबलचक वळसा घालून तिथे पोहोचतो. पायवाट थेट नदीपर्यंत कोसळते, पुलावरून पलीकडे जाते आणि तेवढीच चढण चढून झोंगच्या दाराशी भिडते. जुन्या काळी पूर्व आणि पश्चिम भूतानला जोडणारा रस्ता या झोंगच्या अंगणातूनच जात असे. दार बंद केले की देश मधोमध तुटला. त्रोंग्साचा पेनलोप, म्हणजे प्रांताधिकारी, इतका प्रबळ का झाला आणि 1907 मध्ये पहिला राजा झालेला उग्येन वांगचुक याच गादीवरून का आला, हे पुस्तकापेक्षा त्या चढणीवर चटकन उमगते.

शिखरांवर बंदी

गांगखार पुएन्सुम (7,570 मी.) हे भूतानमधील सर्वोच्च शिखर, आणि जगातले सर्वांत उंच अजिंक्य शिखर म्हणून ते ओळखले जाते. 1980 च्या दशकात त्यावर काही मोहिमा गेल्या आणि हात हलवत परतल्या. पर्वतांवर देवतांचा वास आहे अशी स्थानिकांची श्रद्धा असल्याने 1994 मध्ये 6,000 मीटरांहून उंच शिखरांवर चढाईला मनाई झाली आणि पुढच्या दशकात गिर्यारोहण पूर्णच बंद करण्यात आले. परवानगी देऊन मिळणारा पैसा नेपाळने घेतला, भूतानने सोडला. हिमालयातील इतर ठिकाणची तळछावण्यांची गर्दी आणि कचरा पाहता हा निर्णय शहाणपणाचा ठरला असेच म्हणावे लागते.

प्रमुख वाटा

*द्रुक पाथ.* पारो ते थिम्पू, पाच-सहा दिवस. पारोच्या राष्ट्रीय संग्रहालयाजवळून वाट सुरू होते, जिली झोंगवरून पुढे उंच माळांवर आणि तळ्यांच्या काठाने जाते व फाजोदिंग मठावरून थिम्पूत उतरते. वाट साधारण 4,200 मीटरपर्यंत चढते, त्यामुळे नवख्याने थेट हिच्यात शिरू नये. वाटेत चहाची टपरीसुद्धा नाही. नेपाळप्रमाणे इथे गावोगावी मुक्कामाची घरे नसल्याने तंबू, शिधा, आचारी आणि सामान वाहणारी घोडी सोबत न्यावी लागतात. खर्च वाढतो तो इथेच.

*जोमोल्हारी.* 7,326 मी. उंचीच्या या शिखराच्या पायथ्याशी जांगोथांग येथे साधारण 4,080 मीटरवर मुक्काम असतो. पारो नदीच्या काठाने देवदार-पाइनच्या जंगलातून वर चढत गेल्यावर झाडे संपतात आणि याकांचे कळप सुरू होतात. पुढे 4,870 मी.ची न्यिले खिंड ओलांडून लिंगशीकडे जाता येते.

*स्नोमॅन.* लुनाना या दुर्गम भागातून जाणारी, सुमारे 25 दिवसांची आणि 300 किमी.हून अधिक लांबीची वाट. पाच हजार मीटरांवरच्या खिंडी एकामागून एक येतात आणि मध्येच बर्फ पडला तर परतीचीही सोय राहत नाही. लुनानातील हिमतळ्यांची पातळी वाढत आहे. 1994 मध्ये त्यांतील लुग्ये तळे फुटले आणि पुराचा लोंढा थेट पुनाखापर्यंत पोहोचून माणसे दगावली. हवामानबदलाकडे लक्ष वेधण्यासाठी 2022 पासून याच प्रदेशात सुमारे 200 किमी.ची ‘स्नोमॅन रेस’ घेतली जाऊ लागली.

*मेराक-साकतेंग.* पूर्वेकडील ही वाट 2010 मध्ये परदेशी पाहुण्यांना खुली झाली. इथले ब्रोक्पा लोक याक आणि मेंढ्या पाळतात. त्यांच्या याकच्या लोकरीच्या काळ्या टोपीला चारी बाजूंनी लोंबते गोंडे असतात, पावसाचे पाणी त्यांवरून निथळून जाते आणि चेहरा कोरडा राहतो.

ताक्त्सांग

बहुसंख्य पर्यटक भूतानमध्ये एकच चढण चढतात, ती पारोजवळच्या ताक्त्सांग मठाची. गुरू पद्मसंभव आठव्या शतकात वाघिणीवर बसून इथल्या गुहेत आले व त्यांनी ध्यान केले अशी श्रद्धा आहे. मठ 1692 मध्ये बांधला गेला, 1998 मध्ये आगीत जळाला आणि पुन्हा उभारून 2005 मध्ये खुला झाला. खोऱ्यापासून सुमारे 900 मीटर उंचावर, सरळ कड्याला बिलगून तो उभा आहे.

वाट तशी अवघड नाही. गाडीतळ सुमारे 2,600 मीटरवर, तेथून पाइनच्या जंगलातून धुळीची रुंद वाट, निम्म्यावर उपाहारगृह. तिथपर्यंत घोडे मिळतात. खरी गंमत शेवटी आहे. मठ समोर आला, आता पोहोचलोच, असे वाटते त्या कड्यावरून पायऱ्या आधी खाली, धबधब्याजवळच्या पुलापर्यंत उतरतात आणि मग उलट्या बाजूने वर चढतात. धापा टाकणारे बरेच जण या जागी थबकून एकमेकांकडे पाहतात. दारात मोबाइल, कॅमेरा, पिशव्या सगळे जमा करावे लागते. आत छायाचित्रण बंद. सकाळी सातच्या आसपास निघावे. दहानंतर उतरणारे आणि चढणारे यांची अरुंद पायऱ्यांवर कोंडी होते, आणि ‘मोजकेच पाहुणे’ हे या देशाचे धोरण निदान या एका डोंगरावर तरी खरे वाटत नाही.

झोंग

झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि कचेरी एकाच तटबंदीत. अर्धा भाग भिक्षूंचा, अर्धा प्रशासनाचा, मधे उंच मनोरा. यांतील बरेच सतराव्या शतकात भूतान एकत्र आणणारे धर्मगुरू-शासक झाबद्रुंग न्गावांग नामग्याल यांच्या काळचे आहेत: थिम्पूजवळचा सिमतोखा 1629 चा, फो आणि मो नद्यांच्या संगमावरचा पुनाखा 1637-38 चा. पुनाखा 1955 पर्यंत राजधानी होती आणि मुख्य भिक्षुसंघ आजही हिवाळा तिथेच काढतो. झोंगमध्ये जाताना भूतानी पुरुष ‘घो’वर (गुडघ्यापर्यंतच्या झग्यावर) खांद्यावरून उपरणे घेतात, पाहुण्यांनी टोपी काढावी, अंगभर कपडे घालावेत. छोर्तेन (स्तूप) आणि मंत्रशिलांच्या भिंती नेहमी उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे. देवळाच्या प्रदक्षिणेची सवय असलेल्यांना हे सांगावे लागत नाही.

निसर्ग

देशाचा किमान 60 टक्के भाग कायम वनाच्छादित राहील, असे 2008 च्या राज्यघटनेतच लिहिले आहे. प्रत्यक्षात ते प्रमाण सुमारे 70 टक्के आहे. एप्रिल-मेमध्ये खिंडींच्या आसपास ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात. त्यांच्या 46 जाती इथे नोंदल्या आहेत. दक्षिणेला आसामच्या मानस अभयारण्याला लागून रॉयल मानस राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे सोनेरी वानर आढळते. फोबजिखा खोऱ्यात ऑक्टोबरअखेरीपासून तिबेटातून काळ्या मानेचे करकोचे उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. त्यांना तारांचा अडथळा होऊ नये म्हणून या खोऱ्यातील विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. गांगते मठापासून खोऱ्याच्या कडेने जाणारी दोन तासांची सोपी वाट मुलाबाळांसह चालता येते, आणि ताक्त्सांगपेक्षा ती कितीतरी निवांत आहे.

प्रवासाची व्यवस्था

पर्यटकांसाठी भूतान 1974 मध्ये खुला झाला, तोही मोजूनमापून. आज परदेशी पर्यटकाला दर रात्री 100 डॉलर ‘शाश्वत विकास शुल्क’ द्यावे लागते. 2022 मध्ये ते 200 डॉलर होते, पुढच्या वर्षी निम्मे केले. भारतीयांना ते दरडोई दर रात्री 1,200 रुपये, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मे. कोरोनापूर्वी भारतीयांना ते मुळीच नव्हते, म्हणून आपल्याकडे अजूनही कुरकुर चालते. मात्र पाहुण्यांत सर्वाधिक भारतीयच असतात आणि त्यांतले बहुतेक थिम्पू-पुनाखा-पारो गाडीने पाहून पाच-सहा दिवसांत परततात, हे ध्यानात घेतले तर हे शुल्क रास्त वाटते.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. आधार कार्ड चालत नाही, आणि ही गोष्ट सीमेवर कळली तर फार महागात पडते. रेल्वेने हासिमारा, तेथून जयगावमार्गे फुन्त्शोलिंग, विमानाने पारो. पारोचा विमानतळ 2,235 मी. उंचीवर डोंगरांनी वेढलेला असून विमाने दिवसाउजेडी, स्वच्छ हवेतच उतरतात, त्यामुळे परतताना पुढच्या प्रवासाचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये. भूतानी न्गुल्त्रुम आणि रुपया समान मूल्याचे आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे चालण्याचे महिने. पावसाळ्यात खालच्या जंगलांत जळवा असतात. जेवणात लाल तांदळाचा भात आणि ‘एमा दात्शी’ ठरलेली. मिरची इथे फोडणीपुरती नसते, चीजमध्ये शिजवलेली आख्खी भाजी तिचीच असते. कोल्हापुरी जिभेलाही पहिल्या घासाला पाणी लागते. वाटेवरच्या आचाऱ्याला तिखट कमी घालायला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे.